कौतिकची कणकण

कौतिक भ्यायला की त्याच्या अंगात कणकण यायची. भीतीने कुणाला दरदरून घाम फुटतो, कुणाची बोबडी वळते. याचं अंग तापायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कुंदाबाईने या तापावर दोनदा काढा उकळला, एकदा रावेरहून गोळ्या आणवल्या, आणि मग तिच्या ध्यानात आलं की हा ताप औषधाचा नव्हे. तेव्हापासून नवरा घरात आला की ती त्याच्या कपाळाला हात लावायची आणि विचारायची, आज काय दिसलं?

दिसायला काहीही पुरायचं. विहिरीचा काठ, मारका बैल, तलाठ्याचा शिपाई, तारवाल्याची सायकल. केळीच्या बागेत रात्रीची राखण आली की तो बरोबर कुणालातरी घेऊनच जायचा, आणि त्या माणसाला झोपू द्यायचा नाही. गावाने त्याची मनसोक्त टिंगल केली. मात्र एक गोष्ट गावाच्या लक्षात आली नाही, ती मी सांगतो. कौतिकने आपली भीती कधी लपवली नाही. भ्यायलो तर भ्यायलो म्हणायचा, थोडा वेळ तापलेल्या अंगाने बसून राहायचा, आणि मग उठून कामाला लागायचा. असं त्याने दिवसातून दोन-तीनदा, चाळीस वर्षं केलं होतं. एवढा सराव गावात दुसऱ्या कुणाला नव्हता.

डफ हातात असला की मात्र कणकण पळायची. गावात वही, म्हणजे डफाच्या तालावरची लोकगीतं, गाणाऱ्यांचं मंडळ होतं; त्यात तो डफ धरायचा. गाण्याआधी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करून डफाचं कातडं शेकवायचं काम त्याचंच होतं. हवेत ओल आली की कातडं सैल पडतं, आवाज बसतो; तो किती बसला आणि किती शेकल्यावर उठेल, हे कौतिकला कानानेच कळायचं. मंडळातले बाकीचे चहा पीत बसत आणि हा जाळाशी डफ फिरवत बसे.

त्याचा चुलतभाऊ तोताराम त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा आणि सगळ्याच बाबतीत उलटा. आडवा बांधा, जाड मिशा, आणि आवाज असा की त्याने बांधावरून हाळी दिली की दोन शेतं पलीकडची रानडुकरं पळ काढत. तोतारामला कशाचीच भीती वाटत नाही, असं गाव म्हणायचं आणि तोतारामही म्हणायचा. खरं तर त्याच्यावर भ्यायची पाळीच आली नव्हती. या दोन गोष्टी एक नव्हेत, पण हे तेव्हा कुणी त्याला सांगितलं नाही.

सदुसष्ट सालच्या दसऱ्यानंतर गावच्या केळी बागाईतदारांनी ठरवलं की दक्षिणेत खूप खाली, मलबारच्या डोंगरात म्हणे हातभर लांब केळ होतं, त्याचे कंद आणून आपल्या मातीत लावून पाहायचे. जायला तोताराम लगेच तयार झाला. दुसरा माणूस कंदाचा पारखी हवा होता. नुसतं चाचपून कोणता कंद फुटेल आणि कोणता कुजेल हे सांगणारी बोटं गावात एकाचीच होती. कौतिकने पोटदुखी सांगितली, पाहुणे यायचेत सांगितलं, शेवटी खरं कारणही सांगितलं. कुंदाबाईने त्याच्या कपाळाला हात लावला, घडवंचीवरची काळी घोंगडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, जा, घरी बसूनही तापणारच आहात.

मनमाड, दौंड करत मद्रास, आणि तिथून पुन्हा पश्चिमेला कालिकत. या चार दिवसांत कौतिकच्या अंगातून कणकण एकदाही उतरली नाही. दौंडच्या बऱ्याच पुढे स्टेशनांवरची अक्षरं ओळखीची राहिली नाहीत, मद्रासच्या पुढे माणसांचं बोलणंही राहिलं नाही. गाडी थांबली तिथे खिडकीतून दिसणाऱ्या एका देवळापाशी दोघं जण पुरुषभर लांबीच्या सनया आभाळाकडे धरून फुंकत होते. तो आवाज छातीत घुसला तेव्हा कौतिक तोतारामच्या पाठीमागे सरकला. तोताराम डब्यातल्या लोकांना खाणाखुणा करून हसवत होता, आणि चुलतभावाचा गरम हात धरून त्यांना दाखवत होता.

कालिकतच्या एका केळीच्या आडत्याने त्यांना वायनाडच्या डोंगरातल्या एका कॉफीच्या मळ्यावर धाडलं. तिथला कारकून पूर्वी पलटणीत होता, त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. कंद डोंगरापलीकडे एका म्हाताऱ्याच्या उतारावर मिळतील, म्हणाला. वाट साडेतीन मैलांची, सगळी जंगलातून, आणि जंगल हत्तीचं. म्हातारा पुढे चालेल आणि ढोलकं वाजवत राहील. ढोलकं ऐकलं की माणूस येतोय हे हत्तीला कळतं आणि तो आपसूक बाजूला होतो. ओरडायचं नाही, पळायचं नाही. आणि शेवटचं त्याने बोट उचलून सांगितलं, "जब तक ढोल बजे, चलो. ढोल रुके तो रुको."

म्हातारा आला. वाळका, बुटका, डोक्यावर पांढरे कुरळे केस, कमरेला पंचा. त्याचं नाव दोघांनाही धड उच्चारता येईना, म्हणून कौतिक त्याला आबा म्हणू लागला. त्याच्या गळ्यात मधे बारीक आणि दोन्ही तोंडांना रुंद असं डमरूच्या घाटाचं, पण डमरूपेक्षा मोठं वाद्य होतं. तुडी, म्हातारा म्हणाला. बारीक काडीने तो त्यावर दोन ठोके द्यायचा आणि थांबायचा, पुन्हा दोन ठोके आणि थांबायचा. त्या तालावर ते जंगलात शिरले.

ते जंगल आपल्या सातपुड्यासारखं उघडंबोडकं नव्हतं. भरदुपारी आत अंधारलेलं. डोक्यावरून मोठ्या चोचीचा एक पक्षी गेला, तर त्याच्या नुसत्या पंखांचा असा आवाज झाला की कौतिक खाली बसला. फांदीवर तांबड्या पाठीची, मांजराएवढी खार दिसली. पायाला काहीतरी गार लागलं म्हणून त्याने धोतर वर केलं, तर पोटरीवर तीन जळवा टम्म फुगलेल्या. तोतारामने आपल्या पायाच्या उपटून फेकल्या आणि तो मोठ्याने हसला. म्हाताऱ्याने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

म्हाताऱ्याच्या उतारावर केळी होत्या, आणि काय केळी होत्या! केळ मोजायला वीत पुरेना. कौतिकने भीती बाजूला ठेवून तीन तास माती उकरली, कंद चाचपले, तीस निवडले. तोवर पाऊस सुरू झाला आणि रात्र तिथेच काढायची ठरली. संध्याकाळी पलीकडच्या झोपडीत कुणीतरी पावा वाजवू लागलं. त्याचा सूर ऐकायला बरा होता, पण मधेच डोंगरातून कडाड असा आवाज आला आणि पावा थांबला. बांबू मोडला होता. "आना," म्हातारा म्हणाला, आणि हाताची सोंड करून दाखवली. कौतिकने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

मग म्हाताऱ्याने चुलीपाशी तुडी शेकायला घेतली. कातडं जाळाशी फिरवायचं, अंगठ्याने टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा फिरवायचं. कौतिक बघता बघता जवळ सरकला. म्हातारा थांबला तसं याने मान हलवली. अजून थोडी हवी. म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, तुडी पुन्हा जाळाशी नेली, टिचकी मारली. आता आवाज चढला होता. म्हातारा तोंडभर हसला आणि त्याने वाद्य कौतिकच्या हातात दिलं. कौतिकने बोटांनी त्यावर वहीची चाल हलकेच धरली. भुसावळ सोडल्यापासून पहिल्यांदाच त्याचं अंग निवलं.

सकाळी धुकं होतं आणि भुरभुर पाऊस. निघताना तोतारामने पिकलेला एक घड कापून घेतला. म्हाताऱ्याने हातवारे करून नको नको म्हटलं. घडाकडे बोट दाखवलं, नाकाकडे दाखवलं, जंगलाकडे दाखवलं. तोतारामने घड खाली ठेवला आणि म्हातारा पुढे गेल्यावर त्याच्या चार फण्या तोडून कंदांच्या पोत्यात तळाशी घातल्या. कौतिकने नाही म्हणून पाहिलं.

"फय दाखवल्याबिगर गाव मानीन का?" तोताराम म्हणाला.

हे कौतिकलाही पटलं. केळी लावणारा माणूस फळाची चव घेतल्याशिवाय कंद जमिनीत घालत नाही. त्याने स्वतःही घातला नसता. म्हाताऱ्याला फसवून दोघं चालू लागले. पिकल्या केळ्यांचा वास पोत्यातून येतच होता, पण ज्यांचा जन्म त्या वासात गेला त्यांना तो कसला जाणवणार?

दोन ठोके आणि थांबायचं. पुढे म्हातारा, मधे पोतं घेतलेला तोताराम, शेवटी घोंगडी पांघरलेला कौतिक. शेवटी चालण्याचं भय वेगळंच असतं. पाठीला डोळे फुटावेत असं वाटतं. तरी त्याचे कान तुडीवर होते. मैलभर गेल्यावर त्याला कळलं की आवाज उतरतोय. पाऊस कातड्यात मुरत होता. आधी ठोक्याची धार गेली, मग घुमारा गेला, मग नुसतं भद भद वाजू लागलं, शेजारच्या झाडापर्यंतही न पोचणारं. म्हाताऱ्यानेही ते ओळखलं आणि तो भरभर चालू लागला. कौतिकच्या अंगात कणकण चढली, कानशिलं पेटली.

वळणावर तुडी थांबली.

तीस पावलांवर, ऐन वाटेत, हत्तीण उभी होती. धुक्यात आधी कुणालाच ती हत्तीण वाटली नव्हती. तिच्या पायांमधे पिल्लू होतं. तिने सोंड वर उचलली, हवेत फिरवली, आणि सोंडेचं टोक पोत्याच्या दिशेला थांबलं. माणूस येतोय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. केळी येताहेत एवढंच कळलं होतं.

तोतारामने सवयीने तोंड उघडलं. रानडुकरांवर तो जी हाळी टाकायचा तीच त्याला टाकायची होती, पण घशातून काही निघेना. हे त्याला नवीन होतं. त्याने दोनदा तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्याचं सगळं अंग कापायला लागलं. नजर मागच्या वाटेकडे वळली. तो आता पळणार हे कौतिकला स्पष्ट दिसलं, कारण पळावंसं वाटणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने पुढे होऊन तोतारामचं मनगट धरलं.

"भाऊ," तो कुजबुजला, "भेव वाटू दे. पन पयू नको."

कौतिक स्वतः काय कमी भ्यायला होता? त्याचं अंग भट्टी झालं होतं. पण भीतीच्या या वाटेने तो रोज जात आला होता. थोडा वेळ तापून उभं राहायचं, की मग हात चालायला लागतात. तसे ते चालायला लागले. त्याने म्हाताऱ्याच्या गळ्यातून तुडी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, घोंगडीच्या आत घेतली आणि बंडी वर करून तिचं कातडं आपल्या उघड्या पोटावर दाबून धरलं. घोंगडीखाली पोट ऊबदार होतं, कोरडं होतं. तो तळहाताने दुसरं तोंड चोळत राहिला. हत्तिणीने एक पाऊल टाकलं. तिचे कान पसरले. कौतिकने तोतारामचं मनगट आता आपल्या काखेत धरलं होतं, आणि ते मनगट गारठलेलं होतं.

किती वेळ गेला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. त्याने घोंगडीच्या आतच टिचकी मारून पाहिली. थोडा आवाज आला होता. अजून हवा होता. अंगभर जाळ पेटला होता तरी घाई करायची नव्हती. अर्धवट शेकलेलं कातडं दोन ठोक्यांत पुन्हा बसतं. त्याने आणखी थोडं धरलं आणि मग तुडी म्हाताऱ्याच्या हातात दिली.

म्हाताऱ्याने दोन ठोके दिले. कालच्यासारखे खणखणीत नव्हते, पण होते. हत्तिणीची सोंड खाली आली. म्हाताऱ्याने तोतारामच्या खांद्यावरचं पोतं उतरवून वाटेतच ठेवलं, आणि दोन ठोक्यांना एक पाऊल असं ते तिघं मागे सरकू लागले. तोंड हत्तिणीकडे, पाय मागे. वळणाआड जाईपर्यंत कौतिकने तिला पाहिलं. ती पोत्यापाशी आली होती, आणि पिल्लू त्या हातभर केळ्यांवर सोंड फिरवत होतं.

दुसऱ्या वाटेने ते मळ्यावर पोचले, तेव्हा कौतिकच्या लक्षात आलं की तोतारामचं धोतर नुसतं पावसाने भिजलेलं नाही. तोताराम मान वर करत नव्हता. कौतिकने खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्याच्या कमरेभोवती गुंडाळली. "लई पाऊस होता, भाऊ," म्हणाला. म्हाताऱ्याने फसवणुकीचा राग धरला नाही. त्याने कौतिकच्या पोटावर तळहात ठेवला, तो गरम लागला तसा पुन्हा हसला, आणि तुडी वाजवत परत जंगलात गेला.

कौतिकने निघतानाच सहा कंद वेगळे उपरण्यात बांधून पाठीला लावले होते, तेवढेच गावी पोचले. ते आपल्या उन्हाळ्यात जळाले. पण गोष्ट मात्र चांगली फोफावली. पारावर तोतारामने सांगितलं की हत्ती समोर आला, कौतिक थरथर कापत घोंगडीत शिरला, आणि आपण अशी हाळी दिली की हत्ती पोतं सोडून पळाला. लोक हसून लोळले. कौतिकही तिथे होता. तो सुपारी कातरत राहिला. घरी कुंदाबाईने कपाळाला हात लावून विचारलं तेव्हा त्याने तिला खरं काय ते सांगितलं आणि वर कुणाला न सांगण्याची शपथ घातली. तिला राग आला, आणि मलाही येतो. पण कौतिकचं म्हणणं एवढंच होतं की भाऊला भीतीची सवय नाही, त्याला ती झेपायची नाही. नऊ वर्षं ती गोष्ट तोतारामच्याच हिशेबाने चालली.

शहात्तर साली तोतारामच्या पोटात गाठ निघाली. जळगावच्या दवाखान्यात ठेवलं, सकाळी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर त्याच्यासमोर म्हणाले छोटंसं आहे, बायको लताबाई म्हणाली चार दिवसांत घरी. आणि त्या सकाळी तोतारामने धोतर नेसलं, वहाणा घातल्या आणि मला काही झालेलं नाही म्हणून तो घरी निघाला. लताबाईने हातापाया पडून त्याला खाटेवर बसवलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या कौतिकला आत ढकललं.

तोतारामने त्याच्याकडे पाहिलं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आवाज बारीक झाला होता. "मले कोनी खरं सांगत नही," तो म्हणाला. "तू हात दे."

कौतिकने हात उपरण्याखाली घेतला. मातीचा आहे, म्हणाला. तोतारामने वाकून तो ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरला. हात चटका बसावा इतका तापला होता.  तोतारामला जे कळायचं ते कळलं.

"लई मोठं हाये तर," तो म्हणाला.

कौतिकला खोटं बोलता आलं असतं, पण हाताला येत नव्हतं. "हाये, भाऊ," तो म्हणाला. "भेव वाटू दे. पन पयू नको."

तोतारामने वहाणा काढल्या. त्या नीट जोडून खाटेखाली सरकवल्या. मग दारात उभ्या असलेल्या बायकोला त्याने आत बोलावलं, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं की हत्तीची गोष्ट खोटी आहे; हाळी कुणी दिली नाही, आपण पळत होतो, यानेच धरून ठेवलं. धोतराचंही सांगितलं.  एवढं सांगून तो आडवा झाला आणि गाडीवर घालून त्याला नेलं.

दार बंद झालं. कौतिक बाहेरच्या बाकावर बसला. त्याने बाकाच्या फळीवर बोटांनी दोन ठोके दिले आणि थांबला. पुन्हा दोन ठोके, पुन्हा थांबला. वॉर्डबॉय येऊन ओरडला तेव्हा त्याने आवाज कमी केला, पण ठेका सोडला नाही. त्या कारकुनाचं उचललेलं बोट त्याच्या डोळ्यांसमोर होतं. आपण थांबलो तर आतला थांबेल, या भीतीने त्याचं अंग भाजत होतं.

तीन तासांनी दार उघडलं. डॉक्टर लताबाईशी बोलले. ती डोळे पुसत बाकापाशी आली आणि म्हणाली, "भाऊजी, जित्ते हायेत. शुद्धीवर येऊन रायले." कौतिकने मान हलवली. त्याच्या बोटांची कातडी सोलून निघाली होती, तरी ती फळीवर चालूच होती. शेवटी लताबाईने आपला तळहात त्या बोटांवर ठेवला आणि ती थांबवली.